प्रश्नाची निवड

तालुक्याच्या कचेरीत मी कारकुनी करीत होतो, त्या काळातील ही गोष्ट आहे. एका वृद्ध विधवेचा पेन्शनचा अर्ज माझ्या टेबलावर आला. अर्ज नीट लिहिलेला होता, मृत्यूचा दाखला जोडलेला होता, बाईने अंगठाही उठविला होता, परंतु तो अंगठा तिचाच आहे अशी ओळख देणाऱ्या साक्षीदाराची सही त्यावर नव्हती, आणि त्या सहीवाचून अर्ज दाखल करून घेण्याचा अधिकार मला नव्हता. मी शेरा मारला व कागद परत केला. बाईने हुज्जत घातली नाही. तिच्या गावाला दिवसातून एस.टी.ची एकच गाडी जात असे आणि ती सुटावयास चार तास अवकाश होता. तेवढा सारा वेळ ती कचेरीच्या ओसरीवर पदराने वारा घेत बसून राहिली होती आणि मला ती माझ्या जागेवरून दिसत होती.

रात्री अंथरुणाला पाठ टेकण्यापूर्वी दिवसाचा झाडा घ्यावा, ही सवय मला वडिलांनी लहानपणीच लावलेली होती. त्या रात्रीही मी स्वतःला विचारले, की आज आपल्या हातून काही गैरशिस्त, काही नियमबाह्य घडले काय? उत्तर स्वच्छ नकारार्थी आले आणि मला शांत झोप लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दप्तर बांधताना आमचा शिपाई सहज म्हणाला, “भाऊसाहेब, कालची ती म्हातारी आमच्या शेजारच्या गावची. मी वळखतो तिला. इचारलं असतं, तर मीच सही केली असती.”

त्या वाक्याने मी जो अस्वस्थ झालो, तो आदल्या रात्रीचे उत्तर खोटे होते म्हणून नव्हे. उत्तर अक्षरशः खरे होते, आणि अस्वस्थतेचे मूळ नेमके त्यातच होते. आत्मपरीक्षणाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले व बोलले जाते, आणि त्यात बहुधा असे गृहीत धरलेले असते की, माणूस स्वतःला खोटी उत्तरे देतो, सबब त्याने खरी उत्तरे द्यावयास शिकले पाहिजे. माझा अनुभव निराळा आहे. उत्तर देताना मन सहसा प्रामाणिक असते. त्याचे सारे चातुर्य उत्तराच्या आधी, प्रश्न ठरविताना, खर्ची पडलेले असते. एखादा मुरलेला वकील जसा साक्षीदाराकडून एक शब्दही खोटा वदवून घेत नाही, पण प्रश्नांची मांडणीच अशी करतो की, अडचणीचे तेवढे सत्य जबानीत येऊच नये, तसे मन जो प्रश्न आपल्याला सोयीचा तोच पुढे करते, त्याचे उत्तर इमानाने देते, आणि त्या इमानाचे समाधान घेऊन निजते. मी ‘नियम मोडला काय’ असे विचारले होते. ‘खुर्चीवरून उठून दोन माणसांना विचारले असते तर त्या बाईची खेप वाचली असती काय’ हा प्रश्न मी फेटाळला नव्हता. तो मला सुचलाच नव्हता.

म्हणून आत्मप्रश्नाची सवय जडविणे म्हणजे मुख्यतः प्रश्न निवडण्याची सवय जडविणे होय, असे मला वाटत आले आहे. आणि या दृष्टीने पाहता, मला माहीत असलेल्या जुन्या वाङ्मयात एका उपदेशाला तोड नाही. तो बुद्धाने आपल्या मुलाला, राहुलाला केला. राहुल त्या वेळी राजगृहाजवळ अंबलट्ठिका या ठिकाणी राहत होता, आणि परंपरा सांगते की त्याचे वय अवघे सात वर्षांचे होते. बुद्ध संध्याकाळी त्याच्याकडे गेला, राहुलाने आसन मांडून पाय धुण्यास पाणी दिले, आणि त्या पाण्याच्या भांड्यावरूनच बोलणे निघाले: भांड्यात उरलेले थोडेसे पाणी, मग ते ओतून टाकणे, मग भांडे पालथे करणे, मग उलथून पाहिले तर रिकामे, अशा चार अवस्था मुलासमोर प्रत्यक्ष करून दाखवून, जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणत्व असे असते, हे त्याला समजावून दिले. त्यानंतर विचारले, की आरसा कशासाठी असतो? मुलाने सरळ उत्तर दिले, की पाहण्यासाठी. तर कर्मेही अशीच पाहून पाहून करावीत, असा मग त्या उपदेशाचा ओघ वळतो.

येथपर्यंतचा भाग कोणत्याही सुज्ञ पित्याने सांगितला असता. विलक्षण आहे तो पुढचा तपशील. कोणतेही कर्म, मग ते देहाचे असो, वाणीचे असो वा मनाचे असो, तीनदा तपासावयाचे: करावेसे वाटते तेव्हा, करीत असताना, आणि करून झाल्यावर. आणि तिन्ही वेळी एकच गोष्ट विचारावयाची, की यामुळे मला पीडा होईल काय, दुसऱ्याला होईल काय, उभयतांना होईल काय. या प्रश्नात नियमाचे नाव नाही, प्रतिष्ठेचे नाही, हेतूच्या शुद्धतेचेही नाही. त्यात दुसरा मनुष्य मात्र अपरिहार्यपणे आहे. मी जी वाट काढून निसटलो, ती वाट हा प्रश्न मुळापासून बंद करतो. शिवाय आपली बहुतेकांची झडती रात्री, म्हणजे कृत्य घडून गेल्यावर, होत असते. सकाळी संकल्प करणारेही थोडे आढळतात. परंतु लेखणी कागदावर टेकलेली आहे आणि शब्द अर्धा उमटला आहे, अशा क्षणी स्वतःला विचारणारा मनुष्य दुर्मीळ, आणि त्या क्षणी विचारले तरच थांबणे शक्य असते. जे कर्म पीडाकारक दिसेल ते त्याच क्षणी सोडून द्यावे, असे त्या मुलाला सांगितलेले आहे. अर्धवट केलेले कामही सोडता येते, ही गोष्ट सात वर्षांच्या मुलाला सांगावी लागली तशीच ती पिकल्या केसांच्या माणसालाही सांगावी लागते. किंबहुना त्याला अधिक, कारण सुरू केलेले तडीस नेण्याचा अभिमान वयाबरोबर वाढत जातो.

आणखी दोन गोष्टी त्यात आहेत. देहाने वा वाणीने वावगे घडल्याचे आढळले, तर ते शास्त्यापाशी किंवा जाणत्या सोबत्यांपाशी उघड करावे, असे सांगितले आहे. म्हणजे ही चौकशी बंद दाराआड, फिर्यादी, आरोपी आणि न्यायाधीश एकच, अशी चालवावयाची नाही. आणि कर्म निर्दोष आढळले, तर त्याचा आनंद मानून तसेच पुढे शिकत राहावे, असेही आहे. आपल्या आत्मपरीक्षणाच्या वहीत खर्चाचीच बाजू भरलेली असते. जमेची बाजू लिहावी, हे फार थोड्यांना सुचते.

हा उपदेश एका मुलापुरता राहिला नाही. राजस्थानातील बैराट येथे १८४० साली सापडलेला, आणि आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत असलेला अशोकाचा जो शिलालेख आहे, त्यात सम्राटाने भिक्षू, भिक्षुणी, उपासक आणि उपासिका यांनी वारंवार ऐकावेत व मनात धरावेत असे सात धर्मग्रंथ नावानिशी सांगितले आहेत, आणि त्यांपैकी एक म्हणजे असत्य भाषणाविषयी राहुलाला केलेला हा उपदेश. ज्याच्या हुकमाने लाखावर माणसे कलिंगात मेली, आणि ज्याने तो आकडा स्वतःच शिळेवर कोरवून घेतला, त्या राजाला हा आरसा जवळचा वाटावा, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. पालीतील हे धन मराठी वाचकांपर्यंत आणण्यासाठी गोव्यातील साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी सिंहल व ब्रह्मदेश येथवर जे कष्ट उपसले, त्यांचे ऋण आपण पुरेसे आठवत नाही.

पाश्चात्यांत रोमच्या सेनेकाने क्रोधावरील आपल्या ग्रंथात आपली रात्रीची रीत सांगितली आहे. दिवा नेला गेला आणि ही सवय ठाऊक असलेली पत्नी निःशब्द झाली, म्हणजे तो सारा दिवस तपासून पाहत असे, आणि त्यातील बाबी मोठ्या जिवंत आहेत: अमक्याला बोध करताना आपण गरजेपेक्षा अधिक मोकळेपणाने बोललो, म्हणून तो सुधारला नाही, दुखावला मात्र, अमक्या अडाण्यांशी उगाच वाद घातला. प्रत्येक बाबीवर तो स्वतःला या खेपेपुरती क्षमा करतो आणि पुन्हा तसे न करण्याची ताकीद देतो. हा सूर मला फार मोलाचा वाटतो. समर्थांनीही मनाच्या श्लोकांत मनाला प्रथम हाक मारली ती सज्जन म्हणून. चौकीवर पकडून आणलेल्या चोराशी बोलावे तसे ते मनाशी बोलत नाहीत. धाकाखाली मन कबुलीही खोटीच देते.

परंतु याच सेनेकाचे पुढील चरित्र वाचताना मन खिन्न होते. इ. स. ५९ मध्ये नीरोने आपल्या आईचा वध करविला, आणि त्या कृत्याचे समर्थन करणारे जे पत्र सिनेटकडे गेले, त्याच्या लेखनाबद्दल लोक सेनेकाला दोष देत होते, असे टॅसिटसने नमूद केले आहे. त्या रात्री दिवा गेल्यावर सेनेकाने स्वतःला काय विचारले असेल? बहुधा काहीतरी विचारलेच असेल, आणि त्याचे खरे उत्तरही दिले असेल. सवय चांगली होती. ती होती म्हणूनच मला धास्ती वाटते, की बारीक प्रश्नांची शिस्त पाळता पाळता दारात उभा असलेला मोठा प्रश्न माणूस आत घेतच नाही.

यावर माझ्यापुरता जो उपाय मी करीत आलो, तो असा. ‘मी असा का’ हे मी विचारीत नाही. त्या प्रश्नातून एक तर वकिली निघते, नाही तर रडगाणे. आज कोणते कृत्य केले, त्याचा भार कोणावर पडला, आणि त्या माणसाला मी काही विचारले काय, एवढेच विचारतो. आणि जमेल तेव्हा, आपल्याविषयी दुसरा कोणी सहज काही बोलून गेला, तर ते वाक्य टिपून ठेवतो. कारण मला न सुचलेला प्रश्न त्यातच असण्याचा संभव असतो.

ती बाई आठ दिवसांनी पुन्हा आली. कागद हातात घेऊन मी पाहिले, तो साक्षीदाराच्या जागी, वळण न लागलेल्या मोठ्या अक्षरांत, आमच्या शिपायाचे नाव लिहिलेले होते.