गोधडी

आई गेल्यावर वर्षाने तिची तीन लुगडी घेऊन मी प्रकाशाला गेलो. तापी-गोमाईच्या संगमात अस्थींबरोबर वस्त्रेही सोडावीत, म्हणजे मोह सुटतो, असे ऐकले होते. घाटावर एक म्हातारी माझ्या हातातले बोचके पाहून म्हणाली, "पाणीमा कुजी जाई, भाऊ. गोधडी शिवा ना!"

मी लुगडी परत आणली. पण मग मोहाचे काय?

याच गावच्या टेकाडात 1955 साली बी. के. थापर यांनी उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक निघाले. एका पिढीने फेकलेल्या खापरांवर पुढची पिढी घर बांधून राहिली. टाकलेले कुणाच्या तरी पायाखाली आधार झाले.

गोधडीही थरांचीच. जुनेर अंथरायचे, आत चिंध्या पसरायच्या, वर दुसरे जुनेर घालून कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत जायचे. त्याआधी मात्र कापड फाडावे लागते. आईचा काठ फाडताना माझा हात थांबला. तेव्हा कळले, वस्तू जवळ ठेवणे हा मोह नव्हे. ती होती तशीच राहावी, हा हट्ट म्हणजे मोह. पेटीत जपलेले लुगडे आईचेच राहिले असते, आणि कुणाच्याच उपयोगी पडले नसते.

यंदा दिवाळीच्या थंडीत ती गोधडी नातीने ओढून घेतली. "यातला पणजीचा तुकडा कुठला?" तिने विचारले. मला चटकन सांगता येईना. तोवर ती झोपलीही होती.