बिऱ्हाडाचे परिमाण

गृहस्थाश्रमी माणसाला अपरिग्रह साधेल काय, हा प्रश्न आपल्या परंपरेत पुष्कळ वेळा विचारला गेला. परंतु त्याची उत्तरे बहुतांशी संन्याशांनी दिली असल्यामुळे गृहस्थाच्या व्यवहारात ती फारशी उतरली नाहीत. पतंजलींनी पाच यमांच्या शेवटी अपरिग्रह ठेवला आणि तो दृढ झाला असता आपल्या जन्मांचा उलगडा होतो, असे त्याचे फळ सांगितले. पण ज्याला पहिल्या तारखेस देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर नोकरीत रुजू व्हावयाचे आहे, त्याची जिज्ञासा इतकी दूरची नसते. काय न्यावे आणि काय ठेवावे, एवढेच कोणी सांगितले तर त्याला हवे असते.

माझ्या पुतणीचे बिऱ्हाड न्यू जर्सीतील एडिसनहून कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोला हलावयाचे ठरले, तेव्हा या प्रश्नाची ही लौकिक बाजू मला जवळून पाहावयास मिळाली. सामानाचा ट्रक करण्याचा खर्च अवाच्या सवा होता. म्हणून जे न्यावयाचे ते आपल्या जुन्या टोयोटा प्रियस गाडीत मावेल तेवढेच, असा तिने आणि तिच्या यजमानांनी निश्चय केला. पेट्रोल आणि वीज या दोहोंवर चालणारी ही लहानशी संकरित मोटार. तिच्या चालकाच्या बाजूचे दार उघडले की खांबावर एक पट्टी चिकटविलेली दिसते, आणि माणसे व सामान मिळून किती भार घालावा याचा आकडा तीवर छापलेला असतो. तो पावणेचारशे किलोच्या आसपास होता. त्यातून दोन माणसांचे वजन वजा केले म्हणजे दहा वर्षांच्या संसाराला अडीचशे किलोही उरत नव्हते. पुतणीने स्नानगृहातील वजनकाटा दिवाणखान्यात आणून ठेवला, एकेक खोके त्यावर चढवून आकडे लिहून काढले, आणि मला म्हणाली, "काका, तुमचा अपरिग्रह किलोत सांगा, म्हणजे मला यादी करता येईल."

थट्टेत विचारलेला हा प्रश्न मला मात्र शास्त्रशुद्ध वाटला. जैन आचार्यांनी मुनींसाठी संपूर्ण अपरिग्रहाचे महाव्रत सांगितले; श्रावकांसाठी मात्र त्यांनी परिग्रह-परिमाणाचे अणुव्रत योजिले, म्हणजे क्षेत्र, वास्तू, सोने, रुपे, धनधान्य, भांडीकुंडी यांतील प्रत्येकाची मर्यादा आधीच बांधून घ्यावयाची आणि ती ओलांडावयाची नाही. मला या योजनेत मोठा व्यवहारज्ञपणा दिसतो, कारण वस्तू हातात घेऊन जो निर्णय करावयास बसतो त्याला प्रत्येक वस्तू आवश्यकच वाटते. आकडा आधी ठरला असेल तरच यादीला शेवट येतो. आणि हे आचार्य माणसाला पुरते ओळखत असत. मर्यादा दोन शेतांची असता तिसरे घ्यावयाचे आणि मधला बांध मोडून पुन्हा दोनच म्हणवायचे, असल्या पळवाटांचीही टीकाकारांनी व्रताच्या अतिचारांत नोंद करून ठेविली आहे. पुतणीने पुस्तकांची खोकी टपालखात्याच्या पुस्तकांसाठीच्या स्वस्त दराने परस्पर पुढे पाठविली. ती परिमाणात धरावयाची की नाही, यावर आमचा वाद झाला तो अद्याप मिटलेला नाही.

गाडीची सिद्धता हाही एक वेगळा सरंजाम होता. इंजिनाचे तेल बदलले, टायरांतील हवा पट्टीवरील आकड्याप्रमाणे भरून घेतली, इंजिनाचे शीतक आणि विद्युत्-यंत्रणेचे निराळे शीतक अशी दोन्ही तपासली. या गाडीत मोठ्या बॅटरीखेरीज बारा व्होल्टची एक लहानशी बॅटरी मागच्या कोपऱ्यात असते. ती मृत झाली तर मागील दाराचे कुलूपही विजेवर असल्यामुळे उघडत नाही, म्हणून तीही नवी बसविली. जादा चाक सामानकक्षाच्या तळाखाली, म्हणजे वाटेत चाक बदलण्याची वेळ आली तर सारा संसार हमरस्त्याच्या कडेला मांडल्याशिवाय गत्यंतर नाही. पण सर्वांत लक्षणीय गोष्ट मागील आसनाच्या उजव्या अंगाला होती. तेथे तळहाताएवढी एक जाळी असते. आसनामागील मोठ्या बॅटरीला थंड ठेवणारा पंखा गाडीतील हवा त्या जाळीतून ओढून घेतो. तीवर गाठोडे दडपले तर बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य घटते. पुतणीच्या यजमानांनी पंखा उघडून त्यावरचा वर्षानुवर्षांचा धुरळा काढला आणि जाळीसमोर हातभर जागा रिकामी सोडून पुठ्ठ्याची आडभिंत उभी केली. अडीचशे किलोंचा काटेकोर हिशेब चाललेल्या त्या गाडीत मुद्दाम रिकामी राखलेली तेवढीच एक जागा होती.

त्या बॅटरीचा शिरस्ताही ऐकण्यासारखा आहे. ब्रेक लावला असता जी गती वाया जावयाची तिची वीज करून ती साठविते. परंतु यंत्रणा तिला कधी काठोकाठ भरू देत नाही आणि कधी तळ गाठू देत नाही. सुमारे ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान तिला खेळविले जाते. लांब उतारावर साठा वरच्या मर्यादेला पोहोचला की पुढील वीज घेण्याचे ती नाकारते आणि ती जादा शक्ती इंजिनाला नुसतेच फिरविण्यात खर्ची पडते. गृहस्थाच्या संग्रहाचा याहून सयुक्तिक नमुना मला आजवर आढळला नाही: साठवावे ते पुढच्या चढावर खर्चण्यासाठी, आणि येणाऱ्याला जागा राहील इतके उणे राहावे. अर्थात यंत्राला हे कारखानदाराने शिकविले आहे. यंत्राच्या ठायी पुण्य नाही.

पुण्याचा प्रश्न माणसापाशी येतो, आणि तेथेच खरी अडचण आहे. गाडीत मावत नाही म्हणून जे टाकले, त्याला त्याग म्हणावे काय? गीतेच्या अठराव्या अध्यायातील विवेचन कर्मत्यागाचे असले तरी देहकष्टांच्या भयाने सोडण्याला तेथे राजस ठरवून त्याचे फळ नाकारले आहे, आणि हा निकष वस्तूंनाही लागू करावयास हरकत नसावी. ज्या हमरस्त्याने ही मंडळी जावयाची होती तो इंटरस्टेट ८० नेब्रास्कात प्लॅट नदीच्या काठाने जुन्या वसाहतवाल्यांच्या वाटेला धरून जातो. १८४९ साली सोन्याच्या आशेने निघालेल्या लोकांनी तेथून पुढे फोर्ट लॅरामीच्या परिसरात बैल थकले म्हणून लोखंडी शेगड्या, पेट्या आणि खारवलेल्या मांसाचे ढीगच्या ढीग रस्त्याकडेला टाकले. काहींनी ज्याला हवे त्याने घ्यावे म्हणून वस्तू नीट रचून ठेविल्या. काहींनी मात्र टाकलेल्या साखरेवर टर्पेंटाइन ओतले, पिठात माती कालविली आणि कपडे फाडले, हेतू हा की मागून येणाऱ्याला ते लाभू नयेत. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रकारांनी परिग्रह वस्तूत न पाहता तिच्याविषयीच्या मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीत, पाहिला, तो का, हे या एका उदाहरणावरून ध्यानी यावे: हात रिकामे झाले, तरी मालकी सुटली नव्हती.

आपल्याकडे तुकोबांनी वडिलार्जित कर्जखते इंद्रायणीत बुडविली असे परंपरा सांगते. त्या कथेतील मला विशेष महत्त्वाचा वाटणारा भाग असा की धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची निम्मी खते त्यांनी आधी वेगळी काढून दिली आणि बुडविली ती केवळ आपली. त्यागाचा अधिकार आपल्या वाट्यापुरताच असतो. एडिसनच्या घरात हे तत्त्व यजमानांच्या क्रिकेटच्या बॅटीवरून सिद्ध झाले: ती टाकण्याचा अधिकार पुतणीचा नव्हता. पाटा-वरवंटा पुतणीचा होता. तो तिने स्वतः शेजारच्या गुजराती बाईंना नेऊन दिला, तो कसा टाकवून घ्यावयाचा हेही दाखविले, आणि मग त्याचे नाव काढले नाही. देव्हाऱ्यातील कुलदैवताचे टाक वजनात धरावे काय, असे मी विचारले असता ते पर्समध्ये जातील, असे उत्तर मिळाले. १५६० साली गोव्यात पोर्तुगीजांच्या छळामुळे मंगेशाचे लिंग कुशस्थळीहून नदीपलीकडे प्रियोळास नेणाऱ्यांनीही घरेदारे मागे टाकून एवढेच बरोबर घेतले होते, हे आठवून मी पुढे बोललो नाही.

माझा निर्णय असा की पट्टीवरील आकडा हे व्रत नव्हे, ती सक्ती होय. पण सक्तीने बांधलेली मर्यादा जर मनुष्याने सक्ती सरल्यावरही राखली, तर तेव्हापासून ती व्रत होते. सॅक्रामेंटोच्या नव्या घरात भिंतीत बसविलेली चार कपाटे आहेत. कॅलिफोर्नियात पुन्हा विकत घ्यावयाचे अशा बेताने एडिसनला जे सोडले, ते केवळ स्वस्त वाहतुकीची तजवीज ठरेल, आणि ज्याची पुन्हा खरेदी झाली नाही तेवढेच त्यागाच्या खाती जमा होईल. हा हिशेब वर्षभराने करावयाचा आहे, आणि तो मी करणार नाही. ज्याचा त्याने करावा.

वाचकांना मात्र एक विनंती आहे. आपले आप्त असे दूरच्या प्रवासास निघाले असता आपण लाडवांचा डबा, लोणच्याची बरणी, निदान चकल्यांची एक पिशवी शेवटच्या क्षणी खिडकीतून आत सारतो, आणि खच्चून भरलेल्या गाडीत ती पिशवी टेकावयास त्या जाळीसमोरची हातभर जागा तेवढी उरलेली असते. तेव्हा निरोपाला अवश्य जावे, पण रिकाम्या हाताने जावे.