अंगाला लागेल असे कापड

वारकऱ्याने कापडाच्या दुकानात किती वेळ घालवावा, हा प्रश्न वरवर पाहता परमार्थाचा वाटत नाही. पांढरे कापड घ्यावे, घरी शिवावे आणि वाटेला लागावे, एवढाच तो व्यवहार. आपल्यातले काही जुने माळकरी तर म्हणतात, ज्या देहाचा विसर पडावा म्हणून नाम घ्यायचे, त्याच देहावर काय घालायचे याचा खल करीत बसणे म्हणजे पुन्हा देहातच अडकणे. हा आक्षेप हसून सोडून देण्यासारखा नाही. त्याच्यामागे संतांनी शिकवलेल्या साधेपणाचे बळ आहे.

पण शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या घरांत वारीच्या आधी शिवणयंत्रे चालू होतात, त्यांच्यापाशी घटकाभर बसावे. घरी शिवणारी बाई कापड बहुधा स्वतःसाठी निवडतच नाही. सासऱ्यांची बंडी, चुलत्यांचा सदरा, शेजारच्या एकट्या म्हाताऱ्याची कोपरी असे तिच्या पुढ्यात पडलेले असते. दुकानात ती कापड बोटांत चुरून पाहते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे दुसऱ्याची पाठ असते, दुसऱ्याच्या काखा असतात, घामाने ओला झालेला दुसऱ्याचा गळा असतो. मग हा खल देहासक्तीचा कसा म्हणावा? आसक्ती आपल्या देहाची असते. दुसऱ्याच्या देहाची आठवण ठेवण्याला आपल्याकडे सेवा म्हणतात.

आपला हा भाग उसाचा आणि कांद्याचा. कापूस आपल्याला ठाऊक तो देवापुढच्या वाती वळण्यापुरता. तो पिकतो विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात. विणला जातो इचलकरंजीला, मालेगावला, भिवंडीला. आणि आपल्यापर्यंत येतो तो गुंडाळलेल्या ताग्याच्या रूपात. त्यामुळे दुकानदार जे नाव सांगेल ते आपण ऐकतो. ‘प्युअर कॉटन’ हे शब्द हल्ली इतके स्वस्त झाले आहेत की त्यांच्यावर विसंबून चालत नाही. कापडाच्या कडेचा एक धागा ओढून काडीवर धरावा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि उरलेली राख बोटाने सहज चुरते. पॉलिस्टर असेल तर धागा आखडतो, वितळतो आणि टोकाशी कडक मणी होतो. मिश्र असेल तर राखेत बारीक खडे लागतात. दुसरी गोष्ट खळीची. नवे कापड हातात कडक आणि भरदार लागते ते पुष्कळदा खळीमुळे. दोन मुठींत धरून ते एकमेकांवर घासावे; पांढरी भुकटी झडली तर समजावे की पहिल्या दोन धुण्यांतच त्याचे खरे रूप उघडे पडणार आहे. मग उजेडासमोर धरून वीण पाहावी. हे सगळे करायला पाच मिनिटे पुरतात, आणि दुकानदार रागावत नाही. रागावलाच तर त्यातूनही काही समजते.

कोणते कापड कशाला, हे जुन्या बायकांना पाठ असते. बंडीला मांजरपाट, कारण तिच्या आतल्या चोरखिशाला भार सोसावा लागतो. सदऱ्याला पॉपलिन. डोक्याला बांधायला किंवा खांद्यावर टाकायला मलमल. जाड तेवढे चांगले, असा एक समज आपल्यात आहे आणि तो साधेपणाच्या नावाखाली चालतो. जाडेभरडे अंगावर घातले की वैराग्य आल्यासारखे वाटते. पण जाड सूत पावसात भिजले की दिवसभर वाळत नाही आणि ओली जाड शिवण काखेत व जांघेत कातडी सोलते. देहूहून पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. पाटस सोडल्यावर रोटीचा घाट चढताना ज्याच्या मांड्या सोलवटल्या आहेत, त्याला जाड कापडाचे वैराग्य विचारून पाहावे.

इथेच टेरिकॉटचा वाद निघतो आणि त्यात टेरिकॉटवाल्यांची बाजू खोटी नाही. ते म्हणतात, रात्री पिळून तंबूच्या दोरीवर टाकले की सकाळी अंगात घालता येते, दोन जोड पुरतात, इस्त्री लागत नाही, स्वस्त पडते. ज्याला स्वतःचे ओझे स्वतः वाहायचे आहे, त्याचा हा हिशेब आहे आणि त्याला कमी लेखण्याचा अधिकार घरी पंख्याखाली बसलेल्या कोणालाही नाही. मात्र ते कापड घाम पीत नाही. घाम कातडीवरच राहतो, पुरळ उठते, आणि कडक उन्हात अंगाची काहिली होते. मला वाटते, या वादाचे उत्तर धाग्याच्या बारीकपणात आहे. बारीक सुताचे, दाट विणीचे पॉपलिन घाम पिते आणि हवा लागली की बऱ्यापैकी लवकर वाळतेही. टेरिकॉटपेक्षा थोडा वेळ जास्त घेते, हे खरे. ज्याला तेवढाही वेळ परवडत नाही त्याने टेरिकॉट खुशाल घालावे. त्याच्या भक्तीत त्याने काही उणे येत नाही.

नामदेवरायांचे घराणे शिंप्याचे. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची पदे आहेत आणि शिंप्याचा गज व कातर ही त्यांनी नामस्मरणाच्या रूपकात आणली आहेत. ज्याच्या घरी रोज माप घेतले जात होते त्याला ते रूपक सुचले, यात नवल नाही. माप म्हणजे दुसऱ्याचे अंग नीट पाहणे. आपल्या कल्पनेतले अंग पाहून भागत नाही. ज्याचा उजवा खांदा ओझ्याने झुकला आहे त्याचा तो खांदा झुकलेलाच मोजावा लागतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. स्वतःच्या घरच्या माणसासाठी आपण जितके बोटांनी चाचपून कापड घेतो, तितके देण्यासाठी घेतो का?

तुकोबारायांची पालखी दौंड तालुक्यात यवतला येते तेव्हा गाव वारकऱ्यांना पिठले-भाकरी वाढते. ही सेवा सगळ्या वारीला ठाऊक आहे. तिच्यात मला सर्वांत मोठे वाटते ते हे की पानात पडते ते पिठले गावाच्या घरी शिजते तेच. वारकऱ्यासाठी वेगळे, हलके, उरलेले असे काही नसते. शिळी भाकरी वारकऱ्याच्या पानात वाढायची तर आपला हात थरथरेल. कापडाच्या बाबतीत मात्र हाच हात थरथरत नाही. वाटेवर वाटायच्या टोप्या, उपरणी, सदऱ्याचे तुकडे घाऊक बाजारात सर्वांत स्वस्त गठ्ठा कोणता, हे विचारून घेतले जातात. दुकानदारही विचारतो, ‘घालायचे आहे की वाटायचे आहे?’ हा प्रश्न इतक्या सहज विचारला जातो आणि त्याचे उत्तरही इतक्या सहज दिले जाते की त्यात काही बोचण्यासारखे आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

घराघरांत याचे दुसरे रूप आहे. ओटीत घातलेला ब्लाउजपीस. तो शिवण्यासाठी नसतोच, हे देणारीला ठाऊक, घेणारीलाही ठाऊक. ऐंशी सेंटिमीटरचा म्हणून दिलेला असतो आणि मोजावा तर बाहीला कमी पडतो. तो कपाटात जातो, दुसऱ्या ओटीत पडतो, पाच घरे फिरून कधी कधी पहिल्या घरी परत येतो. बायका यावर हसतात. पण त्या फिरत्या तुकड्याची शेवटची मुक्कामाची जागा बहुधा भांडी घासायला येणाऱ्या बाईचे घर असते आणि तिथे मात्र तो शिवला जातो, कारण तिला फिरवायला जागा नसते. सगळ्यांनी नाकारलेले कापड शेवटी जिच्या अंगाला लागते, ती सर्वांत जास्त घाम गाळणारी असते.

महिपतीबुवांनी ‘भक्तविजया’त कबीरांची कथा सांगितली आहे. विणलेले कापड विकायला बाजारात नेले आणि मागणाऱ्याला देऊन टाकले. कीर्तनात ही कथा ऐकताना आपले लक्ष दातृत्वाकडे जाते. कोणते कापड दिले, इकडे जात नाही. ते विकायला काढलेले होते; म्हणजे ज्याची पुरी किंमत आली असती, ज्याच्यावर त्या दिवसाची चूल पेटायची होती, ते होते. घरात पडलेला, विकला न जाणारा तुकडा त्यांनी शोधला नाही.

यावर कोणी जनाबाईंची वाकळ पुढे करील. देवाने रत्नाचे पदक तिच्या घरी विसरून तिची ठिगळांची वाकळ पांघरली; मग देणाऱ्याच्या कापडाची प्रत कशाला पाहायची? भाव पाहावा. हा युक्तिवाद फार वेळा ऐकला आहे आणि तो प्रत्येक वेळी देणाऱ्याच्या सोयीचा निघतो. ती वाकळ जनी स्वतः पांघरीत होती. तिच्यापाशी तिच्यापेक्षा चांगले काही नव्हते. आपल्या कपाटात पॉपलिन असताना आपण दुसऱ्याला जाळीदार, खळ लावलेला तुकडा देतो आणि जनीचे नाव घेतो, तेव्हा तिची गरिबी आपण उसनी घेत असतो.

खरी अडचण पैशाची आहे, आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. मंडळाकडे ठरावीक रक्कम आहे. हलके कापड घेतले तर शंभर जणांना पुरते, चांगले घेतले तर साठ जणांना. उरलेल्या चाळीस जणांनी काय पाप केले? मला तरी साठच योग्य वाटतात, कारण हलक्या शंभरांतले किती पंढरपूरपर्यंत अंगावर टिकतात आणि किती वाटेवरच्या कचऱ्यात जातात, हे वारी पुढे गेल्यावर रस्ता पाहिला की दिसते. तरीही चाळीस जणांच्या रिकाम्या हातांकडे पाहून हे म्हणणे सोपे नाही. त्यांच्यासाठी दुसरे काही करता येते. मुक्कामी चपला शिवून देणारे, दाढी-केस करून देणारे सेवेकरी असतात, तसे वरवंडच्या मुक्कामी दोन शिवणयंत्रे आणि सुताचा दोरा घेऊन बसावे. उसवलेली काख, फाटलेला चोरखिसा, सुटलेली बटणे. याला कापड जवळजवळ लागतच नाही आणि माणूस आपला जुना, अंगाला सरावलेला सदरा घालून पुढे जातो.

ज्यांना नवे शिवूनच द्यायचे आहे, त्यांनी दिवसांचा हिशेब आधी धरावा. तुकोबारायांचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य सप्तमीचे, माऊलींचे अष्टमीचे. कापड अक्षय्य तृतीयेच्या सुमारास घरात यावे. बेतण्याआधी ते रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवावे. सुती कापड शंभरात तीन ते पाच आटले तरी अडीच मीटरांत सुमारे आठ ते बारा सेंटिमीटर जातात आणि घट्ट झालेला सदरा मग कोणाच्याच अंगाला येत नाही. उभे सूत धरून कापावे. काखेत आणि जांघेत कडा आत दुमडून शिवाव्यात. शिवून झाल्यावर तीन-चार वेळा नुसत्या पाण्यात धुऊन खळ पुरती काढावी, आणि देण्याआधी निदान एक दिवस घरातल्याच कोणीतरी तो सदरा घालून उन्हात काम करावे. कुठे टोचते ते लगेच कळते आणि उसवून पुन्हा शिवायला तेव्हा वेळ उरलेला असतो.