दावणीपाशी राहिलेल्याची वारी

कार्तिक लागला की वारकऱ्याचे पाय घरात ठरत नाहीत. शुद्ध एकादशीला पंढरी, वद्य एकादशीला आळंदी, पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा, आणि माघ शुद्ध एकादशीला पुन्हा पंढरी. थंडीच्या दिवसांत अशा चार वाटा फुटतात. आणि याच दिवसांत शेतकऱ्याच्या रानात ज्वारी, हरभरा, गहू उभा असतो. म्हैस नुकती व्यालेली असते. गोठ्यात वासरे-रेडके गारठलेली असतात. घरातला एक जण खांद्यावर पताका घेतो, तेव्हा दुसऱ्या कोणाला तरी हातात चरवी घ्यावी लागते. मग प्रश्न असा येतो की, जो मागे राहिला त्याची वारी चुकली काय? आणि त्याहून अवघड प्रश्न हा की, जो गेला तो कोणाच्या जिवावर गेला?

मागे राहणे म्हणजे घरी बसणे नव्हे, हे आधी नीट पाहू. पहाटे काळोखात उठून पहिल्याप्रथम शेण काढायचे. ओली झालेली जागा झाडून कोरडी करायची नि खाली पाचट नाहीतर भुसकट अंथरायचे, कारण ओल्या भुईवर बसलेल्या जनावराला गारठा फार लागतो. म्हशीच्या अंगावर केस विरळ, तिला थंडी अधिक बाधते. म्हणून वाऱ्याच्या अंगाला पोत्यांचा आडोसा बांधायचा. मग वैरण, मग धार. रात्रभर हौदात गारठलेले पाणी जनावर पोटभर पीत नाही, आणि पाणी कमी गेले की दूधही कमी येते. तेव्हा विहिरीचे ताजे, थंडीत कोमट लागणारे पाणी शेंदून त्याच्यापुढे ठेवायचे. दुभत्या जनावराला दिवसाकाठी चाळीस-पन्नास लिटर पाणी तरी लागतेच. हिरवा घास दहिवर उतरल्यावाचून कापायचा नाही. ओला कोवळा घास अधाशासारखा खाल्ला की पोट फुगते, आणि फुगलेले जनावर बघता बघता हातचे जाते. वासरू जन्मले तर तास-दोन तासांत त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे. आपल्या खरवसाची गोष्ट त्यानंतरची. संध्याकाळी हेच सारे पुन्हा. मधल्या वेळात ज्वारीवरची पाखरे हाकायची ती निराळीच.

काही मंडळी म्हणतात, "अहो, हा सगळा प्रपंच. देवावर भार टाकावा अन् चालू लागावे." आम्हाला हे पटत नाही. एकादशी माणसाने धरलेली असते, गाईने धरलेली नसते. रानातले हरीण आपला चारा आपण शोधते, तहान लागली तर ओढ्यावर जाते. दावणीच्या गाईचे तोंड मात्र दाव्याच्या लांबीइतकेच पोचते. ती गाठ तिने मारलेली नाही, आपण मारली आहे. ज्याने गाठ मारली त्याने तिचा चारा, पाणी, दुखणे-खुपणे सारे अंगावर घेतले. म्हणून गोठ्यातले काम ही दया नव्हे, ते देणे आहे. दया आज केली, उद्या राहिली, तरी कोणी जाब विचारत नाही. देण्याला सुट्टी नसते. वेळेवर धार काढली नाही तर कास तटतटते, दगडी होते, आणि त्या मुक्या जिवाचे दुखणे कोणत्याही तीर्थाच्या पाण्याने धुऊन निघत नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या संतमंडळींनी केव्हाच देऊन ठेवले आहे. दारी आलेल्या देवाला पुंडलिकाने विटेवर उभे केले नि आईबापांची सेवा पुरी केली. अरणचे सावतोबा मळा सोडून गेले नाहीत, देवच मळ्यात आला, असे आपण कीर्तनात ऐकतो. जनाबाईच्या दळणाला नि गोवऱ्यांना देवाने हात लावला. हातातले देणे फेडीत असलेल्याची वारी चुकत नाही.

पण सज्जनहो, इथेच एक फसगत होते. हेच दाखले आपण दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. "तुला घरबसल्या पुण्य आहे," असे म्हणून कर्ता पुरुष दर साली निघतो, आणि दर साली तीच सून, तीच भावजय, तोच धाकटा भाऊ दावणीपाशी उरतो. सावतोबांनी मळा आपखुशीने धरला होता. ज्याला कोणी विचारलेच नाही त्याचे राहणे आणि सावतोबांचे राहणे एक कसे होईल? आपण होऊन राहिला त्याची ती वारी. ज्याला राहायला लावले त्याची वारी आपण काढून घेतली. परत आल्यावर त्याच्या हातावर बुक्का नि बत्तासे ठेवले म्हणजे ते फिटत नाही. देवाचे मुख डोळ्यांनी पाहावे असे त्याच्याही जिवाला वाटतेच की!

आज हा प्रश्न अधिकच कठीण झाला आहे. पूर्वी एका वाड्यात दहा-पंधरा माणसे असत; एक गेले तर कळत नसे. आता मुले शहरात, घरी दोघे म्हातारे. बैलांचे काम पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टरने घेतले. पण दावणीला संकरित गाय आहे, आणि डेअरीची गाडी सकाळ-संध्याकाळ दारात येते. दोघांनी मिळून जावे तर गाय कोणी पाहावी?

आम्हाला सुचते ते जुनेच आहे: सावड. पेरणी-काढणीला आपण सावड करतो, तशी वारीलाही करावी. कार्तिकीला तुम्ही जा, तुमची गाय आम्ही पाहतो. माघीला आम्ही जातो, आमची तुम्ही पाहा. मात्र गाय परक्या हाताला बिचकते नि पान्हा चोरते. म्हणून जो राहणार त्याने आठ दिवस आधीपासून धारेला येऊन तिला आपल्या हाताची सवय करावी. घरातल्या घरातही पाळी लावावी. गेल्या साली जो गेला त्याने या साली राहावे. आणि वारीत जितके दिवस गेले, तितके दिवस परतल्यावर गोठ्याचे शेण आपण काढावे. मागे राहिलेल्याने तेवढे दिवस उन्हे वर येईपर्यंत निजावे.

यंदा पिशवी भरण्याआधी प्रत्येकाने घरात एवढेच विचारावे, "या खेपेला कोणाला जायचे आहे?" विचारून मग उत्तर येईपर्यंत थांबावे. विटेवरचा देव युगानुयुगे थांबला आहे. आपल्याला घटकाभर थांबायला हरकत नसावी.

रामकृष्णहरि.