भाकरी कोणाच्या हातची?



माझी आजी लहानपणी आपल्या आईबरोबर संध्याकाळी गावात भाकरी मागायला जात असे. दारापासून लांब उभे राहायचे, पदर पसरायचा आणि वरून तुकडा पडायचा. आजी म्हणे, "भूक भागायची, पण मान वर व्हायची नाही." मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ही शिळी भाकरी सोडायला सांगितले, ते या मानेसाठी.

आता काळ पालटला. आपल्यातले काहीजण शिकले, नोकरीला लागले, आपणही देणारे झालो. मागे मी आमच्या शाळेतल्या गरीब मुलांच्या घरी वाटण्यासाठी शिधा गोळा केला. पिशव्या वाटल्या, फोटो काढले. एका मुलाच्या आईने पिशवी घेतली आणि हळूच विचारले, "सर, काय हवं ते आम्हाला आधी विचारलं असतं तर?" मला उत्तर देता आले नाही. आजीच्या पदरात तुकडा टाकणारा हात आणि माझा हात यांत फरक किती, हा प्रश्न मला सोडीना.

या प्रश्नाचा विचार अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरात काही माणसांनी कृतीतून केला आहे. त्या शहरात बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय आहेत. ज्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतले, तोच हा समाज. त्यांचे पूर्वज दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवर गुलाम होते. १८६५ साली गुलामगिरी संपली, पण जमीन मिळाली नाही. बहुतेकांनी मालकाची शेती बटाईने कसली. हिशेबाची वही मालकाकडे, म्हणून कर्ज फिटत नसे. पुढे ते डेट्रॉईटच्या मोटार कारखान्यांत आले. १९५० साली या शहराची वस्ती १८ लाखांवर होती. कारखाने गेले, गोरे लोक उपनगरांत गेले. २०२० च्या जनगणनेत साडेसहा लाखही माणसे उरली नव्हती. घरे पडली, जागा ओस पडल्या. किराणा मालाची मोठी दुकानेही निघून गेली. अनेक वस्त्यांत कोपऱ्यावर दारू आणि वेफर मिळत, ताज्या भाजीसाठी मात्र दूर जावे लागे.

२००६ साली मलिक याकिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'डेट्रॉईट ब्लॅक कम्युनिटी फूड सिक्युरिटी नेटवर्क' ही संस्था काढली. याकिनी शाळेचे मुख्याध्यापक होते. शहरातल्या रूज पार्क या सार्वजनिक उद्यानात २००८ साली त्यांना जागा मिळाली. तिथले 'डी-टाऊन फार्म' आता सात एकरांवर पसरले आहे. तिथे भाजीपाला पिकतो, खत तयार होते, मधमाश्या पाळतात, मुले मातीत हात घालून शिकतात. शेती म्हणजे गुलामी ही मनात बसलेली आठवण पुसणे, हेही तिथले एक कामच आहे. आपल्यालाही ही आठवण परकी नाही.

परंतु याकिनींचे म्हणणे भाजीपुरते नाही. शहर कृष्णवर्णीयांचे आणि त्यांना अन्न पुरवण्याच्या चळवळीचे पुढारीपण बाहेरून आलेल्या गोऱ्या तरुणांकडे, हे त्यांना खटकले. हेतू चांगला असेल, पण ठरवणार कोण? म्हणून या संस्थेने शहरासाठी अन्नधोरणाचा मसुदा तयार केला आणि २००८ साली तो नगरपरिषदेकडून मान्य करून घेतला. पुढे सभासदांच्या मालकीचे सहकारी किराणा दुकान उभारण्याचे काम हाती घेतले. ते २०२४ साली उघडले. तिथे खाणारा हाच मालक.

कोणी म्हणेल, सात एकरांत शहराचे पोट भरते काय? भरत नाही. आणि पीक येईपर्यंत भुकेल्याने थांबावे काय? मुळीच नाही. आळवीची कथा आपण ऐकली असेल. हरवलेला बैल शोधून दमलेला गरीब शेतकरी उपाशीपोटी उपदेश ऐकायला आला. बुद्धांनी त्याला आधी जेवू घालायला सांगितले आणि मगच धम्म सांगितला. भुकेल्या माणसाला तत्त्वज्ञान ऐकवणे ही क्रूरता आहे. आजची भूक आजच भागवली पाहिजे.

परंतु उद्या काय? आज ज्याला पिशवी दिली तो पुढच्या वर्षीही त्याच रांगेत उभा असेल आणि मी त्याच टेबलामागे असेन, तर मी भूक भागवली, विषमता मात्र जपली. दानाची कसोटी येथे आहे. घेणारा उद्या ठरवणाऱ्यांत बसतो की नाही?

डेट्रॉईटसारखी ओस जमीन आपल्या वस्त्यांत नाही, दोन खोल्यांच्या घराला अंगणही नसते. पण विचारायला जमीन लागत नाही. यंदा शिधा गोळा करण्याआधी आम्ही पालकांची बैठक घेतली. त्या माऊलीलाच यादी करायला सांगितले. तिने बिस्किटे खोडली आणि तूरडाळ, शेंगदाणे लिहिले. चार बाया मिळून घाऊक बाजारात गेल्या, भाव त्यांनीच केला. फोटो काढायचा नाही, हेही त्यांनीच ठरवले.

आपण दहा घरे मिळून एवढे करू शकणार नाही काय? विचार करा. आजीने जे सोडले, ते आपल्या हातून दुसऱ्याच्या पदरात पडू नये.