परक्याचे जनावर

शिक्षणासाठी पुण्यास राहणाऱ्या आमच्या धर्मग्रामातील एका तरुणीने नाताळच्या सुटीत मला विचारले, "फादर, प्राण्यांच्या निवाऱ्यातून मी कुत्र्याचे एक पिल्लू दत्तक घेते आहे. आई म्हणते, तो पैसा एखाद्या गरीब मुलाच्या फीसाठी दे, देवाला अधिक आवडेल. कोणाचे खरे?" मायलेकींपैकी कोणालाच राग येणार नाही असे काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून गेला नाही.

तो एकट्या तिचाही नाही. 22 ऑगस्ट 2025 रोजी दिल्लीतील भटक्या कुत्र्यांविषयी आदेश देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की प्राणिप्रेमींना कुत्री दत्तक घेण्यासाठी पालिकेकडे अर्ज करता येईल. मात्र ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत ही जबाबदारी त्यांची. 7 नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री निवाऱ्यांत हलवण्यास देशभर सांगितले. आज ना उद्या हा प्रश्न आमच्या धाराशिव जिल्ह्यातही दाराशी येणार.

ख्रिस्तसभेची शिकवण वरवर पाहता आईच्या बाजूची वाटते. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या 2418व्या परिच्छेदाचा आशय असा, की प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. आणि माणसाचे दैन्य दूर करण्यासाठी जो पैसा आधी खर्ची पडावा तो प्राण्यांवर घालवणेही शोभत नाही. प्राण्यांवर माया करावी, परंतु जे प्रेम केवळ माणसालाच देणे लागते ते त्यांना देऊ नये. पोप फ्रान्सिस यांनी 5 जानेवारी 2022 रोजी, मुलांच्या जागी कुत्री-मांजरे सांभाळणाऱ्या दांपत्यांविषयी कठोर शब्द काढले होते. वृत्तपत्रांनी तेवढेच उचलले. त्याच प्रवचनात अनाथ मुले दत्तक घेण्याविषयी ते किती कळकळीने बोलले, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

हे सारे मला पाठ होते. तरी माझ्या दारी प्रसंग आला तेव्हा त्यातले काहीही कामी आले नाही.

2023 साली शासनाने राज्यातील 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत आमच्या जिल्ह्यातील वाशी, धाराशिव आणि लोहारा हे तालुके होते. दिवाळी सरताच ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. आमच्यातील एक कुटुंबही मुकादमाची उचल घेऊन कर्नाटकातील कारखान्यावर जाणार होते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी घरधनी आपला कुत्रा, मोत्या, घेऊन मिशनच्या आवारात आला. "फादर, मागच्या सालचं कुत्रं फडावर ट्रॅक्टरखाली गेलं. ह्याला पट्टा पडेपर्यंत ठेवून घ्या." मी आनंदाने होकार दिला. रविवारच्या प्रवचनात परोपकाराचे उदाहरण म्हणून स्वतःचीच गोष्ट सांगण्याचा मोहही मला झाला, हे कबूल करतो.

त्याची म्हातारी आई गावातच मागे राहिली होती. तिच्याविषयी त्याने मला काही सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

आठवडाभरात आजी रोज दिवेलागणीला फाटकाशी येऊ लागल्या. पदराआडून अर्धी भाकरी काढायच्या आणि मोत्याला भरवायच्या. "आजी, त्याला इथे पोटभर मिळते," असे मी म्हटले, तर म्हणाल्या, "मिळत आसंल फादर, पर त्यो माझ्या हातचं खातो." ती अर्धी भाकरी म्हणजे त्यांच्या रात्रीच्या एकुलत्या एक भाकरीचा अर्धा भाग होता, हे मला कळायला डिसेंबर उजाडला. तेही कसे कळले? चार दिवस त्या आल्या नाहीत, आणि मोत्याने साखळी तोडून त्यांचे घर गाठले. त्याला आणायला म्हणून मी गेलो. आजी तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या.

वाचकहो, मुके जनावर सोपे असते. ते औषधाची चिठ्ठी पुढे करत नाही, मुलाची तक्रार सांगत नाही, तीच हकीगत चौथ्यांदा ऐकवत नाही. मी मोत्याला सांभाळले यात दयेचा भाग किती आणि सोयीचा किती, हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्या आईचा आक्षेप पैशाचा आहे, आणि पैसा मोजका असतो हे खरेच. पण माझ्याकडे त्या वेळी उणीव पैशाची नव्हती. कुत्र्याला घरात घेतल्यामुळे मी आजींना विसरलो असे नाही. त्याआधीही मी त्यांच्या दारी गेलो नव्हतो. गेलो तो त्या कुत्र्याच्या मागे.

अनुवाद ग्रंथाच्या 22व्या अध्यायात चुकलेल्या गुरामेंढरांविषयी एक नियम आहे. भाऊबंदाचे जनावर भटकताना दिसले तर डोळेझाक करून पुढे जाता येत नाही; धनी दूर राहत असेल किंवा ठाऊक नसेल, तर ते स्वतःच्या घरी न्यायचे, तो शोधत येईपर्यंत ठेवायचे आणि मग परत द्यायचे. माया करावी असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. नियमशास्त्राचा मला एरवी फारसा ओढा नाही; पण 'दत्तक' या शब्दापेक्षा आमच्या खेड्यातला 'सांभाळ' हा शब्द या नियमाच्या अधिक जवळचा वाटतो. दत्तकाने नाव आणि हक्क येतो. सांभाळात वस्तू परक्याची असते आणि धनी कधीतरी येणार असतो. सगळी सृष्टीच परक्याची मानणाऱ्या आपणांस हे जड जाऊ नये. मला मात्र जड गेले. मार्चअखेर पट्टा पडला, टोळी परतली, आणि मोत्या मागे वळूनही न पाहता धन्यामागे निघून गेला. तो दिवस माझा वाईट गेला.

पुढच्या हंगामात घरधनी पुन्हा साखळी घेऊन आला. मी म्हटले, "मोत्या आजींपाशीच राहू दे. भाकरतुकडा मी तिथे पोचवीन." दोघांनाही पुरेल एवढा.

पुण्याच्या त्या मुलीला मी आता पत्र लिहिले आहे. पिल्लू अवश्य आण, असे त्यात कळवले आहे. त्याला रोज फिरवायला नेशील त्या वाटेवर कोणकोण एकटे राहते, ते मला पुढच्या सुटीत येशील तेव्हा सांग, असेही लिहिले आहे.