उत्तर न येणे आणि नसणे

नसलेली वस्तू कळते ती कशाने, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. जमिनीवर घट नाही हे बघणाऱ्याला निश्चित कळते. पण डोळ्यांचा संबंध येतो तो जमिनीशी, नसलेल्या घटाशी कसा येणार? सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न दिसणे, हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन, प्रमाण, मानले. अद्वैत वेदान्तानेही ते सहावे प्रमाण म्हणून स्वीकारले. नैयायिकांच्या मते अभाव प्रत्यक्षानेच कळतो, न दिसणे त्याला केवळ साहाय्य करते. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींच्या परंपरेत हे ज्ञान अनुमान ठरते. एक अट मात्र या तिन्ही पक्षांना कुठल्या ना कुठल्या रूपात लागते: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. हीच योग्यानुपलब्धी. अंधारात घट दिसला नाही म्हणून तो नाही, असे ठरत नाही. खांबात पिशाच नाही, हेही नुसत्या न दिसण्यावरून सांगता येत नाही. पिशाच मुळात दिसणाऱ्यातले नव्हे.

लिनक्स संगणकाचे नेटवर्क बंद पडते तेव्हा दुरुस्त करणाऱ्यासमोर नेमका हाच प्रश्न असतो. पिंग पाठवले, उत्तर आले नाही, म्हणून समोरचा सर्व्हर बंद आहे, हा निष्कर्ष रोज कुठे ना कुठे काढला जातो आणि बऱ्याचदा चुकतो. पिंग हा प्रोग्रॅम माइक म्यूस यांनी डिसेंबर 1983 मध्ये अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत लिहिला आणि नाव ठेवले सोनारच्या आवाजावरून. उपमा चांगली असली तरी एका जागी फसते: समुद्रातला खडक प्रतिध्वनी द्यायचे नाकारू शकत नाही, संगणक नाकारू शकतो. फायरवॉलने ते पॅकेट गिळले की चालू सर्व्हरही पिंगपुरता पिशाच होतो.

उलट, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ हा नकार आला तर ती चांगली बातमी असते. नकार द्यायला कोणीतरी आहे, निदान तिथवरची वाट शाबूत आहे. त्या पोर्टवर सेवा तेवढी चालू नाही, किंवा वाटेतली फायरवॉल स्पष्ट नाही म्हणते आहे. वापरणाऱ्याला दोन्ही अपयशे सारखीच वाटतात, ज्ञानाच्या दृष्टीने मात्र त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून अनुभवी माणूस खालून वर येतो: आधी उजेड आहे का ते बघायचे, मग घट शोधायचा. ‘आयपी लिंक’ या आज्ञेत ‘नो-कॅरिअर’ दिसले तर केबल किंवा पलीकडचा स्विच तपासल्याशिवाय पुढच्या कुठल्याही मौनाला अर्थ नाही. केबल ठीक असेल तर त्याच जाळ्यातल्या संगणकाला एआरपीने, म्हणजे त्याचा हार्डवेअर पत्ता विचारणाऱ्या प्रोटोकॉलने, हाक मारता येते. सर्वसाधारण फायरवॉल एआरपी अडवत नाही, त्यामुळे हे मौन पिंगच्या मौनापेक्षा बरेच वजनदार असते.

कार्डच सापडत नाही तेव्हा प्रश्न आणखी खोल जातो. ‘आयपी लिंक’च्या यादीत कार्ड नाही, याचा अर्थ ते संगणकात नाही असा होत नाही; ती यादी ड्रायव्हरने उभ्या केलेल्या इंटरफेसांची असते. ‘एलएसपीसीआय’ ड्रायव्हरवर अवलंबून नसते, ते पीसीआय बसवरची माहिती दाखवते. तिथली पद्धत नैयायिकाला आवडावी अशी आहे. संगणक चालू होताना प्रत्येक जागेला निर्मात्याचा क्रमांक विचारला जातो. जागा रिकामी असेल तर सोळाच्या सोळा बिट एक येतात, आणि हा आकडा कोणत्याही कंपनीला दिला जात नाही. रिकामेपण इथे जणू वाचता येते. तरीही अट सुटत नाही: वीज तुटलेले किंवा बंद पडलेले कार्डही हेच उत्तर देते.

कार्ड बसवर दिसते पण इंटरफेस नाही, अशा वेळी ‘डीमेसेज’मधल्या कर्नलच्या नोंदी बघाव्यात. वायफाय कार्डांच्या बाबतीत बहुधा फर्मवेअरची फाइल सापडली नाही, असे तिथे लिहिलेले असते. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात अभाव चार प्रकारचा आहे. ड्रायव्हर अजून आलेला नाही हा प्रागभाव आणि येऊन कोसळला हा प्रध्वंसाभाव, एवढी तुलना ओढाताण न करता जमते. चौथा अन्योन्याभाव, म्हणजे ‘हे ते नव्हे’, फार गमतीशीर जागी भेटतो. 2013 पासून सिस्टमडी या लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीने इंटरफेसना कार्डाच्या जागेवरून नावे द्यायला सुरुवात केली; जुन्या कॉन्फिगरेशन फाइलीत ‘ईटीएच0’ आणि समोर ‘ईएनपी3एस0’. कार्ड हजर असते, फक्त हाक चुकीच्या नावाने मारलेली असते.

नावांच्या व्यवस्थेत, डीएनएसमध्ये, अभाव शब्दप्रमाणाने कळतो. सर्व्हर गप्प राहिला तर काहीच सिद्ध होत नाही. ‘असे नाव नाही’ असे त्याने कळवले तर ते आप्तवाक्य, अर्थात सांगणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह, असेल तर. मधल्या एखाद्या सर्व्हरने खोटे सांगितले तर काय, यावर डीएनएससेकने उपाय काढला: वर्णानुक्रमातली दोन शेजारची नावे देऊन त्यांच्यामध्ये एकही नाव नाही, असे सही केलेले निवेदन पाठवायचे. सही जुळली की नसण्याचा तो पुरावा मधल्या कोणावरही विश्वास न ठेवता तपासता येतो. ज्या डोमेनवर अशी सही नाही, तिथे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवण्यावाचून इलाज नसतो.